आपलं माणूस शेवटी

माझी थोरली बहीण साठी उलटेपर्यंत कधी रांगेत उभी राहिली नव्हती. यावरून ती मोठ्या घरची असेल असं कुणाला वाटलं, तर तसं नाही. ती एका मोठ्या दवाखान्यात बाह्यरुग्ण विभागाच्या दारावर नोकरीला होती. रांग तिच्यासमोर उभी राही. बिलं भरणं, तिकिटं काढणं ही घरची कामं भावोजींकडे असत. ताई म्हणायची, "दिवसभर माणसांच्या ओळी बघते. घरी आल्यावर मला ताटंसुद्धा ओळीने मांडलेली दाखवू नका."

ती त्या दारावर कशी आली तीही गंमतच आहे. लग्नाआधी ती तिथे वॉर्डात आयाबाई म्हणून लागली होती. एका सकाळी दारावरचा शिपाई आला नाही आणि गर्दीने दाराची बिजागरी उखडली. डॉक्टर आतून ओरडतायत, लोक बाहेरून ओरडतायत. ताई हातात बेडपॅन घेऊन त्याच वाटेने चालली होती. तिने ते खिडकीत ठेवलं आणि म्हणाली, "आधी सगळे खाली बसा बघू. उभ्या माणसाचं मला काही ऐकू येत नाही." लोक खरोखर बसले. डॉक्टर बाहेर आले, त्यांनी बसलेली गर्दी पाहिली, खिडकीतलं भांडं पाहिलं, आणि म्हणाले, "ते भांडं उचला, आणि या बाईंना उद्यापासून इथे द्या." मग निवृत्त होईपर्यंत ती तिथून हलली नाही.

तिचा आवाज तसा मोठा नव्हता, पण बाकाच्या शेवटच्या टोकापर्यंत जायचा. आलेल्या माणसाला ती पत्र्याचा नंबराचा बिल्ला द्यायची, बाकावर जागा दाखवायची, आणि आतला बाहेर आला की म्हणायची, "चला, पुढचे." दिवसभर तेवढंच. म्हणून नर्सबायका तिला 'पुढचे मावशी' म्हणू लागल्या. भावोजी वीज कंपनीत मीटर वाचायचे. हे नाव त्यांच्या कानावर गेलं, आणि घरीही "काय पुढचे, चहा मिळेल का?" असं सुरू झालं. ती चिडायची नाही. "मिळेल, पण नंबराने," म्हणायची.

दवाखान्यात पूर्वीपासून एक मागचं दार होतं. नोकरदारांचे मेहुणे, साडू, शेजारी त्या दाराने थेट डॉक्टरांपुढे जात. ताईने ते बंद करायला लावलं आणि स्वतःचा नियम घातला : आपलं माणूस शेवटी. कर्मचाऱ्यांपैकी कुणाचं कुणी आलं, तर त्याने बाहेरचे सगळे होईपर्यंत थांबायचं. ज्याचा जीव घाबरा झालाय त्याला ती कुणाचा कोण हे न विचारता आत ढकलायची, तेवढी नजर तिला होती. बाकी सगळ्यांना नियम सारखा. मुख्य परिचारिकेच्या दिराला तिने शेवटी बसवलं तेव्हा त्या बाई कितीतरी दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत. पण बोट दाखवायला कुणाला जागा नव्हती, कारण ताईने नियमाची सुरुवात घरापासून केली होती. मी एकदा मनगट मोडून घेऊन गेलो, तर माझ्याआधी साधा खोकला झालेले आत गेले.

"ताई, दुखतंय गं."

"दुखतंय म्हणूनच आलायस ना? बस."

भावोजी हे सांगताना रंगात यायचे. "अरे, माझा नंबर लग्नातसुद्धा शेवटीच लागला. आधी हिने सगळं वऱ्हाड जेवायला बसवलं, मग विचारलं, नवरदेव राहिले का कुणी?"

पण या नियमाखाली सगळ्यात जास्त बसली ती ताईची एकुलती एक मुलगी. तिला लहानपणी कानाचा त्रास होता, हवा गार झाली की कान फुटायचा. शाळा सुटली की ती थेट दवाखान्यात यायची आणि बाकाच्या टोकाला, खिडकीखाली बसायची. मांडीवर दप्तर, पाय जमिनीला पोचत नाहीत, एक हात कानावर. मधूनच विचारायची, "आई, माझा नंबर?" आणि ताई मान न वळवता सांगायची, "तुझा शेवटचा." माझं ऑफिस जवळच होतं. त्यांना घरी न्यायला मी जायचो आणि भाचीशेजारी बसून राहायचो. सगळे संपले की ती आत जायची, तिच्यामागून ताई जायची आणि दार लोटून घ्यायची. मी बाहेर दप्तर राखत बसायचो. मला वाईट वाटायचं. एकदा बोललोही, "सख्ख्या पोरीला एवढं बसवतेस?" ताई म्हणाली, "तिला बसवते म्हणून बाकीचे बसतात." हिशेब बरोबर होता. पण हिशेब बरोबर असला म्हणून पोराला पटतो असं नाही.

ती भाची आता परदेशात आहे. भावोजी गेले, ताई निवृत्त झाली, आणि या वर्षी भाचीला दिवस गेले. तिला सासू नाही, नवरा पाळ्यांमध्ये काम करतो. ताईने बाळंतपणाला यावं असं दोघांचं म्हणणं होतं. ताई आढेवेढे घेत होती : मला तिकडचं काही कळत नाही, मी अडचणच होईन, वगैरे. तेव्हा भाची फोनवर म्हणाली, "आई, आयुष्यात एकदा माझा नंबर पहिला लाव." ती हसत म्हणाली होती. पण इकडे कुणी हसलं नाही. मग ताई म्हणाली, "लावला."

व्हिसाचे कागद मी केले. मी कॉमर्सचा माणूस, आयुष्य हिशेब खात्यात गेलं, आता निवृत्तीला आलो आहे. कागद नीट लावणं एवढी एकच कला माझ्याकडे आहे. प्रत्येक कागदाला रंगीत खूण लावली. ताईने फाइल उघडून पाहिली आणि म्हणाली, "ते मला नाही, तुझ्या फाइलीलाच व्हिसा देतील." मुलाखतीची जी तारीख मिळाली तीच कशीबशी मिळाली होती. ती हुकली तर पुढची बाळ जन्मल्यानंतरची होती. हे मी तिला दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायला लागलो तर म्हणाली, "धाकट्या, मी बहिरी नाही. तो कान लेकीचा."

मुलाखतीची वेळ सकाळी नऊची होती. मी म्हटलं, आठला पोचू. ताई म्हणाली, "पहिला नंबर म्हटलंय मी. पहिला म्हणजे पहिला." म्हणून आम्ही वकिलातीपाशी पोचलो तेव्हा रस्त्यावरचे दिवे अजून चालू होते आणि झाडणारी बाई फुटपाथवरची पानं गोळा करत होती. समोरच्या दुकानांची शटरं खाली होती. उंच भिंत, लोखंडी फाटक, फाटकात एक लहान दार, दारापुढे जमिनीवर पिवळी रेघ आणि भिंतीलगत नळ्यांचे कठडे. ताई पिवळ्या रेघेवर जाऊन उभी राहिली. तिच्यापुढे कुणी नव्हतं.

"आता काय करायचं?" तिने विचारलं.

"उभं राहायचं."

"नुसतं?"

"नुसतं. लोक असंच करतात, ताई."

मी तिच्यासाठी घडीचं स्टूल नेलं होतं. ती त्यावर बसली, उठली, पदर सारखा केला, पुन्हा बसली. मागे लोक जमू लागले. चहाच्या थर्मासचं झाकण उघडलं, बंद झालं. मध्येच ती वळून मागे बघायची आणि मी तिचं लक्ष फाइलीकडे वळवायचो.

लोक वाढले तशी गडबड सुरू झाली. कुणाची वेळ नऊची, कुणाची साडेनऊची, कुणाची दहाची, आणि सगळे एकाच रांगेत. साडेनऊवाले लवकर आलेले, म्हणून पुढे. नऊवाले मागे, म्हणून घाबरलेले. कुणी म्हणे वेळेप्रमाणे सोडतात, कुणी म्हणे येईल तसे सोडतात. एक नववधू नवऱ्याकडे निघाली होती, ती कागद छातीशी धरून प्रत्येकाला तेच विचारत होती. एक आजोबा काठीवर भार देऊन उभे होते, आणि कठड्याला टेकावं तर कठडा गार.

"या रांगेला डोकं नाही," ताई हळूच म्हणाली.

"ताई, आज तू पेशंट आहेस."

"हो रे. मी कुठे काय म्हणतेय?"

ती पुन्हा फाटकाकडे तोंड करून बसली. मग उठली, स्टूल उचललं आणि आजोबांपुढे ठेवलं. "बसा. उभ्या माणसाचं मला ऐकू येत नाही. तुमची वेळ कितीची?" आजोबांनी सांगितलं. तिने तोच प्रश्न त्यांच्या मागच्याला विचारला, मग त्याच्या मागच्याला. "नऊवाले भिंतीकडे. साडेनऊवाले कठड्याच्या बाहेर. दहावाले, तुम्ही अजून चहा पिऊन या, इथे उभं राहून काही मिळणार नाही." लोकांना कुणीतरी सांगणारं हवंच होतं. रांगेच्या तीन रांगा झाल्या. मी पाहत राहिलो. इतक्या वर्षांनी तिचा तो आवाज ऐकत होतो.

एवढ्यात फाटकातलं लहान दार उघडून पहारेकरी बाहेर आला. जाड भुवया, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. त्याने आधी रांगा पाहिल्या, मग ताईला.

"मावशी, तुम्ही कोण?"

"मी पहिली."

"पहिली म्हणजे?"

"रांगेत पहिली आले ती. पण ते राहू द्या, दादा. तुमचे साडेनऊवाले नऊवाल्यांत मिसळले होते, ते वेगळे केलेत. आता सोडायला लागा."

पहारेकरी काहीतरी कडक बोलणार होता, पण रोजच्यापेक्षा त्याचं काम निम्मं झालं होतं हे त्याला दिसत होतं. त्याने नुसत्या भुवया वर केल्या.

नववधू ताईच्या बाजूला येऊन उभी राहिली. "मावशी, नवरा काय करतो विचारलं तर काय सांगू?"

"जे करतो ते सांग. जे करत नाही ते सांगू नकोस."

आजोबा स्टुलावरून हसले. "बाई, तुमचं कुणी आहे का या रांगेत?"

"आहे की."

"मग घ्या ना त्याला पुढे. तुम्हाला कोण अडवतंय?"

"छे. आपलं माणूस शेवटी," ताई म्हणाली. "आमच्याकडे तसा नियम होता." आणि तिने दवाखान्यातली मुख्य परिचारिकेच्या दिराची गोष्ट सांगितली. आजोबा हसले, पहारेकरीही हसला. मीही हसलो. मला वाटलं, जुनी गोष्ट सांगतेय. ती आजच्याबद्दल बोलत होती हे माझ्या ध्यानात आलं नाही.

आत फोन किंवा सामान नेता येत नव्हतं. समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात ते ठेवून घेत. दुकान उघडल्याबरोबर ताईने स्वतःचा आणि आजोबांचा फोन, नववधूची पर्स आणि आणखी दोघांची सामानाची पिशवी माझ्या हातात दिली. "धाकट्या, एवढं ठेवून ये. यांनी रांग सोडली तर घोळ होईल."

"आणि तुझी वेळ?"

"मी पहिली आहे. जा, पळ."

मी पळालो. ऑफिसात मला कुणी पळायला सांगत नाही. दुकानात पोचलो तर तिथे वेगळीच झुंबड. सगळे एकदम हात पुढे करतायत, दुकानदार एकाचं टोकन दुसऱ्याला देतोय, आणि तिथे रांग लावायला कुणी पुढचे मावशी नव्हती. तिथून सुटून, मुठीत टोकनं धरून मी रस्ता ओलांडला तेव्हा भिंतीकडची रांग रिकामी झाली होती. नऊवाले सगळे आत गेले होते. पहारेकरी साडेनऊवाल्यांना आत सोडत होता आणि ताई दाराशी उभी राहून म्हणत होती, "चला, पुढचे."

मी म्हटलं, "ताई, तू अजून इथे?"

ती माझ्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर आधी काहीच नव्हतं. मग तिने रिकाम्या भिंतीकडे पाहिलं. नऊच्या शेवटच्या माणसामागून जाणार होती ती. तेवढ्यात एक जोडपं धापा टाकत आलं, त्यांची वेळ नऊचीच, त्यांना तिने आत ढकललं. मग एका बाईचं मूल रडायला लागलं, त्यांची वेळ पुढची होती, तिला सावलीत उभं केलं. तोवर पहारेकऱ्याने नऊची यादी मिटली आणि पुढची उघडली. तिच्या हातून ते इतकं सवयीने झालं होतं की तिला कळलंही नव्हतं.

मी पहारेकऱ्याकडे गेलो. "साहेब, यांची वेळ नऊची होती."

"यांची?" तो खरोखर चकित झाला. "मावशी, तुम्हाला आत जायचं होतं? मला वाटलं तुमचं माणूस रांगेत आहे, तुम्ही त्याला सोडायला आलायत. मग सांगायचं ना."

"मी शेवटी जाणार होते," ताई म्हणाली. आवाज बाकाच्या टोकापर्यंत जाणारा नव्हता.

वेळ टळली की नाव आतल्या यंत्रातून आपोआप जातं, असं त्याने सांगितलं. नवी वेळ घ्या. मी म्हटलं, नवी वेळ बाळ जन्मल्यानंतरची आहे. त्याने किल्ल्यांच्या जुडग्यावरून बोट फिरवलं, आत गेला, बराच वेळ आला नाही. आला तेव्हा म्हणाला, "विचारलं. सगळ्यात शेवटी, कुणी गैरहजर असलं आणि साहेबांनी मनावर घेतलं, तर. वचन देत नाही मी. बसा वाटल्यास."

आम्ही बसलो. आजोबा आत गेल्यामुळे स्टूल मोकळं झालं होतं. ताई त्यावर, मी फुटपाथच्या कडेवर. मी रागावलो होतो. माझ्या फाइलीत एकही कागद चुकला नव्हता, आणि बाई दारातून आत गेली नव्हती. ती हात मांडीवर ठेवून, पाय जवळ घेऊन बसली होती. असं बसलेलं मी फार पूर्वी कुणाला तरी पाहिलं होतं.

"पुन्हा शेवटी बसवलं मी तिला," ती म्हणाली.

"होईल काहीतरी."

"तिने एकच गोष्ट मागितली होती, धाकट्या. आयुष्यात एकच. तीसुद्धा हसत मागितली, म्हणजे मला नाही म्हणायला सोपं जावं."

मी डबा उघडला. तिने दोन घास खाल्ले आणि झाकण लावलं. नववधू बाहेर आली, तिचं काम झालं होतं. तिने वाकून ताईला नमस्कार केला आणि टोकन घेऊन समोर गेली. आजोबाही बाहेर आले. "बाई, तुमचं माणूस गेलं का आत?" त्यांनी विचारलं. ताई म्हणाली, "जाईल." त्यांना काही सांगितलं नाही.

ऊन भिंतीवरून खाली सरकलं. दुपारच्या वेळांचे लोक येऊ लागले आणि रांगेचा पुन्हा सकाळसारखा गुंता झाला. दीडवाले अडीचवाल्यांवर खेकसत होते. पहारेकरी एकटा "मागे व्हा, मागे व्हा" म्हणत होता, आणि मागे व्हायला सांगितलं की माणूस पुढेच येतो हे त्याला माहीत नव्हतं. ताई जमिनीकडे बघत बसली होती. एकदा तिचा हात उठला, पण तिने तो पुन्हा मांडीवर ठेवला.

पहारेकरी आमच्यापर्यंत आला. काही मागायला संकोच वाटत असावा. "मावशी," म्हणाला, आणि थांबला.

ताईने माझ्याकडे पाहिलं. ज्या दाराने तिला बाहेर ठेवलं त्याच दाराची सेवा आता पुन्हा करायची, याचा मला राग यायला हवा होता. पण ती तशी नुसती बसलेली मला बघवत नव्हती.

"जा," मी म्हटलं. "पण या वेळी मी इथून हलणार नाही. कुणाचा फोन देऊ नकोस मला."

ती उठली. पदर खोचला. "आधी सगळे बसून घ्या बघू," तिचा आवाज आला, आणि कठड्याजवळ, फुटपाथच्या कडेला, कुणी रुमाल अंथरून, कुणी पिशवीवर, लोक बसू लागले.

दुपार कलली तेव्हा शेवटची तुकडी आत गेली. बाहेर आम्ही दोघंच उरलो. पहारेकरी दारात उभा राहून यादीवर बोट फिरवत होता. समोरचा दुकानदार शटर अर्धं ओढून आमच्याकडे बघत होता, कारण ताईचा फोन अजून त्याच्याकडेच होता. पहारेकऱ्याने आतल्या कुणाशी तरी बोलून घेतलं, यादी मिटली आणि दार पूर्ण उघडलं.

"चला, पुढचे," तो म्हणाला.

ताईला आधी वाटलं तो चिडवतोय. ती जागची हलली नाही.

"या ना, मावशी. एक जण आला नाही, साहेब थांबलेत. सकाळीच तुम्हाला मध्ये घ्या म्हणणार होतो मी त्यांना. पण म्हटलं, आता तुम्ही आमच्यातल्याच झालात. आणि आपलं माणूस शेवटी."

तिने माझ्या हातून फाइल घेतली आणि आत गेली. दार लागलं. मी त्या पिवळ्या रेघेवर उभा राहिलो. नुसतं उभं राहणं किती अवघड आहे हे मला तेव्हा कळलं.

ती बाहेर आली ती बोलतच. "आत चार खिडक्या आहेत, दोन बंद. एकाच खिडकीवर सगळा भार. बाकं चांगली आहेत, पण पाठमोरी लावलीत, त्यामुळे माणूस सारखा मान वळवून बघतो—"

"ताई, व्हिसा."

"त्या साहेबांना मी सांगितलं, बाकं फिरवून घ्या."

"ताई."

"दिला रे. मुलगी काय करते, परत कधी येणार, एवढंच विचारलं. मी म्हटलं, बाळ मान धरायला लागलं की येणार, मला इथे कामं आहेत. तर म्हणाला, कसली कामं? म्हटलं, आज बघितली नाहीत का? पारपत्र ठेवून घेतलंय, आठवड्यात घरी येईल." मग फाइल माझ्या हातात देत म्हणाली, "ही त्याने उघडलीसुद्धा नाही."

पहारेकऱ्याला तिने थर्मासमधला उरलेला चहा दिला. कोमट होता, तरी त्याने संपवला.

दुकानातून फोन घेतला तेव्हा त्यावर भाचीचे बरेच फोन येऊन गेले होते. ताईने तिथेच, शटरसमोर उभं राहून तिला लावला. तिचा फोन नेहमी मोठ्या आवाजावर असतो, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं.

"आई, कुठे होतीस तू? काय झालं? मिळाला?"

"मिळाला."

तिकडून नुसता श्वास ऐकू आला. ताईला तिथेच थांबता आलं असतं. पण लपवाछपवी तिला कधी जमली नाही. ती म्हणाली, "पण पहिला नंबर नाही लावता आला गं तुझा. पहाटे येऊन पहिली उभी होते. मग काय झालं... शेवटीच गेले मी. पुन्हा शेवटी."

ताईने फोन दुसऱ्या कानाला लावला, जणू या कानातलं उत्तर तिला नको होतं.

"आई," भाची म्हणाली, "दवाखान्यात तू सगळ्यांना दार उघडून द्यायचीस. आत कुणाबरोबर यायचीस?"

"कुणाबरोबर येणार? दारावर कोण थांबेल मग?"

"माझ्याबरोबर यायचीस. शेवटचा नंबर असायचा म्हणून. दार लोटून घ्यायचीस आणि डॉक्टर कानात ते नळीचं घालेपर्यंत माझा हात धरून उभी राहायचीस. मला पहिला नंबर मिळाला असता तर तू बाहेरच राहिली असतीस." मग म्हणाली, "हसत म्हणाले, तरी चिडूनच म्हणाले होते गं तेव्हा. नंबराचं काही नाही. तू आत ये म्हणजे झालं."

ताईने फोन माझ्यापुढे धरला. मी फोन घेतला आणि म्हटलं, "येतेय ती. तिकडच्या दवाखान्यात मात्र तिला दाराजवळ बसवू नका."

"मामा, रडतेय का आई?"

"नाही," ताई मागून म्हणाली. "शटरचा आवाज आहे तो."

आम्ही बसथांब्यावर आलो. ऑफिसं सुटायची वेळ, थांब्यावर गर्दी होती आणि नेहमीप्रमाणे रांग अशी काही नव्हती. ताईच्या हातात पर्स, माझ्या काखेत स्टूल, थर्मास आणि न उघडलेली फाइल. बस आली. ताईने सवयीने मागे वळून पाहिलं, कुणी म्हातारं आहे का, कुणी लेकुरवाळी आहे का. मी तिचा दंड धरला आणि सगळ्यांच्या आधी तिला वर चढवलं. मागून कुणीतरी म्हणालं, "अहो काका, रांग आहे की नाही?"

"आहे," मी म्हटलं. "आज ही पहिली आहे."